तीस पावलांवरची गोळी

बंदुकीची नळी लोखंडाची असते, पण खांद्याला लागतं ते लाकूड. मी लाकडाचा माणूस. माझा आणि बंदुकीचा संबंध आला तो एवढ्यावरून. नाहीतर मी कुवेतला गेलो होतो दारं-खिडक्या करायला.

लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. घराघरांतली दारं फोडलेली, कपाटं जळालेली, त्यामुळे सुताराच्या कामाला तोटा नव्हता. आमचं वर्कशॉप सुलैबियात होतं आणि त्याच्याच मागच्या अंगाला आम्हा नऊ जणांची खोली. वर्कशॉपच्या मालकाला आम्ही बाबा म्हणायचो. तिकडे नोकरमाणसं घरधन्याला बाबाच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण मी म्हणायचो ते तोंडदेखलं नव्हतं. वयाने ते माझ्याहून अठरा-वीस वर्षांनी मोठे. उंच, काटक, बोलणं मोजकं. त्यांच्या वडिलांचा मुंबईत मोत्यांचा व्यापार होता आणि लहानपणाची काही वर्षं त्यांनी तिथे काढली होती. त्यामुळे हिंदी बोलायचे ते अगदी मुंबईचं. आमचं सगळं बोलणं त्या हिंदीत व्हायचं, मी इथे आपल्या भाषेत लिहितो आहे. मला ते नावाने हाक मारत नसत. 'नज्जार' म्हणायचे. नज्जार म्हणजे सुतार.

एक दिवस ते चादरीत गुंडाळलेली रायफल घेऊन वर्कशॉपमध्ये आले. लढाईच्या सात महिन्यांत ती त्यांनी अंगणात पुरून ठेवली होती. नळीला ग्रीस फासून रबरात गुंडाळलं होतं, म्हणून लोखंड वाचलं. खांद्याला लावायचा लाकडी दस्ता मात्र कुजला होता. हाताने दाबला तर भुगा पडत होता.

"दुकानदार म्हणतो युरोपातून मागवावा लागेल," बाबा म्हणाले. "सहा महिने."

"कशाला?" मी म्हटलं. "मी करतो."

"तू कधी केलायस?"

"नाही. पण माणसाने केलेलाच आहे ना हा?"

अक्रोडाचं लाकूड मिळवलं. अकरा दिवस लागले. बाबांचा खांदा, गालाचं हाड, हाताची लांबी, सगळं सुतळीने मापलं. ते हसत होते, म्हणाले, दफन करायचं आहे काय मला? काम झाल्यावर मी त्यांना सांगितलं, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. त्यांनी तसं केलं. डोळे उघडले तर नळीवर बसवलेल्या दुर्बिणीची काच बरोबर डोळ्यासमोर. मान हलवावी लागली नाही.  मग रायफल खाली घेतली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चौथी पास माणूस. मला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही आयुष्यात. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

तेव्हापासून बंदुकीचं काही असलं की नज्जारला बोलवा. गुरुवारी दुपारी त्यांचा ड्रायव्हर मला घ्यायला यायचा. हा ड्रायव्हर आमच्याच खोलीतला, मालवणकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने फाटका. तो मला गाडीत पुढे बसवायचा आणि म्हणायचा, "बसा शिकारीसायबानू. वर्कशॉपात रंधो मारतास, हय बंदुकी घासतास. मेल्या, तुका पगार एकच मा?"

मी त्याला म्हणायचो, मान पगारात नसतो.

सबाह अल-सालेममध्ये बाबांचं घर होतं. बाहेरच्या बाजूला पुरुषांची बैठक, तिला दिवानिया म्हणतात. तिथल्या भिंतीवर चार हरणांची शिंगं. सगळी लढाईच्या आधीची. बाबा दर दोन-तीन वर्षांनी उत्तरेकडे कझाकस्तानच्या डोंगरात जायचे. एका माणसाला एकाच हरणाचा परवाना. ते हरीण म्हणजे आपलं भेकर नव्हे, घोड्याएवढं जनावर. बाबा एकाच गोळीत पाडायचे. जखमी करून सोडलेलं जनावर ही त्यांच्या दृष्टीने शिकाऱ्याची बदनामी होती. तरुणपणी वाळवंटात त्यांच्या हातून एक लहान हरीण असं निसटलं होतं, तर वर्षभर त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

बंदूक मला नवी नव्हती. माझ्या मामाकडे शेतराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. लहानपणी मी हाकाऱ्यात असायचो. आम्ही डबे वाजवत रान उठवायचं, मामाने पाणंदीच्या तोंडाशी बसायचं. मामा शिशाची गोळी स्वतः ओतायचा, सुपारीएवढी. डुक्कर अंगावर येईतो थांबायचा आणि मग कानामागे बार. आमच्या रानात झाडोराच इतका की तीस पावलांपलीकडचं दिसत नाही. मामा म्हणायचा, गोळी जड पाहिजे, कडक पाहिजे, आत जाऊन हाड मोडलं पाहिजे. मला बंदुकीतलं कळत होतं ते एवढं. पण जेवढं कळत होतं तेवढं पक्कं होतं. पक्कं म्हणजे बरोबर असं नाही, हे समजायला मला फार वर्षं लागली.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास बाबांनी ठरवलं, पुन्हा जायचं. लढाईनंतर ते एकदाही गेले नव्हते. सत्तरीला टेकले होते. म्हणाले, "एकच. हे शेवटचं. मग भिंत पुरी झाली."

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं काडतुसांशिवाय दुसरं काही बोललो नाही म्हटलं तरी चालेल. लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात. पण काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. पुंगळी मागे बंदुकीत राहते. बाबांची रायफल तीनशे मॅग्नमची. त्या एका मापाच्या पुंगळीत कितीतरी जातींच्या गोळ्या मिळायच्या. हलकी, जड. टोकदार, गोल नाकाची. आत सगळ्यांच्या शिसं, वरून तांब्याचा पत्रा, पण कुठे पत्रा पातळ, कुठे जाड, कुठे टोकाशी शिसं उघडं ठेवलेलं. हलकी वेगाने जाते, सरळ जाते, पण वाऱ्याने हलते. जड सावकाश जाते, लवकर खाली पडते. दोनशे मीटरवर चार बोटं, तीनशेवर हातभर. हे मी पुस्तकात वाचलं नाही, चांदमारीच्या मैदानावर बाबांच्या शेजारी पालथा पडून शिकलो. ते बार काढायचे, मी दुर्बिणीतून बघून सांगायचो, दोन बोटं उजवीकडे, एक बोट खाली. त्यांची पाच भोकं एका तळहाताखाली झाकली जायची. सत्तरीच्या माणसाची. हात दगडासारखा.

बंदुकीच्या दुकानात एक म्हातारा लेबनानी कारागीर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. गिऱ्हाइकांमुळे मोडकीतोडकी हिंदी त्यालाही यायची. त्याने बाबांसाठी एक डबी काढून ठेवली. मध्यम वजनाची, टोकदार, पातळ पत्र्याची गोळी.

"लांबच्या हरणाला हीच," उस्ताद म्हणाला.

मी गोळी नखाने दाबून बघितली. टोकाला नख उमटलं.

"ही लोणी आहे," मी म्हटलं. "खांद्याच्या हाडावर फुटेल. मांसाचा चिखल होईल आणि आत काही जाणार नाही."

मी दाखवली ती दुसरी डबी. गोल नाकाची, जड, जाड पत्र्याची. अस्वलं, रानडुकरं असल्या मोठ्या जनावरांसाठी असते ती. तिला बघून मला मामाची गोळी आठवली.

उस्ताद बाबांकडे बघून अरबीत काहीतरी म्हणाला आणि हसला. मी विचारलं, काय म्हणतो? बाबा म्हणाले, "विचारतोय, सुताराला बंदूक कधीपासून कळायला लागली?"

झालं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दोन्ही मारून बघू. दूध का दूध, पाणी का पाणी."

पुढच्या गुरुवारी चांदमारीवर मी टेलिफोनच्या जुन्या जाड वह्या घेऊन गेलो. रात्रभर टाकीत भिजवल्या होत्या. ओला कागद मांसासारखा असतो, हे मला उस्तादानेच कधीतरी सांगितलं होतं. सात-आठ वह्या एकामागे एक बांधून दोन गठ्ठे केले. ठेवायला मी स्वतः गेलो. पावलं मोजत गेलो. तीस झाली तिथे थांबलो आणि गठ्ठे उभे केले.

"एवढ्या जवळ?" बाबांनी विचारलं.

"बाबा, गोळी ती गोळीच. जवळून जी फुटते ती लांबून फुटणार नाही काय?"

उस्ताद खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "नज्जार, हरीण काय तुझ्या मांडीवर येऊन बसणार आहे?"

"तू गप बस," मी म्हटलं. "तुझी गोळी आधी."

बाबांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि बार काढला. उस्तादाच्या गोळीने पहिल्या दोन वह्यांत डेचकीएवढा खड्डा केला आणि पुढे नुसत्या चिंधड्या. शिशाचे बारीक तुकडे मी बोटाने वेचून काढले. मग माझी. ती सहा वह्या पार करून सातवीत सापडली. अख्खी. नाक असं उमललं होतं की जणू कळीचं फूल झालं आहे. मी ती पंच्याने पुसली आणि बाबांच्या तळहातावर ठेवली. मला बोलायची गरज नव्हती.

बाबांनी दोन्ही गोळ्या बघितल्या. उस्ताद म्हणाला, "लांब ठेवून बघा. तीनशेवर."

"ऊन फार झालंय," मी म्हटलं. "आणि कागद वाळायला लागलाय."

खरं सांगतो, कागद वाळला नव्हता. मला जिंकल्यावर पुन्हा डाव मांडायचा नव्हता.

बाबा माझ्याकडे बघून हसले. "दस्ता नज्जारचा," ते म्हणाले, "तर गोळीही नज्जारची."

मग महिनाभर त्यांनी त्याच जड गोळीवर दुर्बीण बसवून घेतली. लांबचा नेमही जमवला. कागदावर भोकं बरोबर पडत होती. कागदी निशाणाला भोक पडलं की आपण खूश. भोकाच्या पलीकडे काय होतं ते निशाण सांगत नाही.

शरद ऋतूत ते गेले. तीन आठवड्यांनी आले. मला वाटलं आल्या दिवशी बोलावतील. चार दिवस झाले, आठ दिवस झाले. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "माका काय माहीत? गाडयेत बसतत, गप आसतत. शिंगां काय दिसली नाय बाबा."

मी न बोलावता गेलो. दिवानियात एकटेच बसले होते. भिंतीवर तीच चार हरणांची शिंगं.

"ये नज्जार, बस," म्हणाले. आणि सांगितलं. साडेतीनशे मीटर. दरीच्या पलीकडच्या उतारावर हरीण आडवं उभं. वारा नाही. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला, खांद्याच्या मागे नेम धरला, बिस्मिल्ला म्हटलं. बार झाला. हरणाने एक उडी घेतली आणि ते झाडीत गेलं. पलीकडे पोचायला तास लागला. गवतावर रक्ताचे चार थेंब. पुढे काही नाही. दोन दिवस वाटाड्याबरोबर शोधलं. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि माग बुजला.

सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं? गोळीचं काही असेल का?"

रागाने विचारलं नव्हतं. वैद्याला विचारावं तसं विचारलं होतं. माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं. आणि मी, चौथी पास, गर्विष्ठ माणूस, मला त्यात उस्तादाचं हसणं ऐकू आलं.

मी म्हटलं, "गोळीत खोट नाही, बाबा. तुमच्या डोळ्यांसमोर तपासली. हात हलला असेल. वय झालं."

 बाबांनी उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. असा बघितला, जसा मी एखादी फळी चीर पडली आहे का म्हणून बघतो.

"असेल," ते म्हणाले.

मी खोलीवर परतलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या गोळीवर काही आलं नाही. रात्री पोटभर जेवलो. हे लिहायला लाज वाटते, पण जेवलो.

त्यानंतर बाबा बदलत गेले. आधी चांदमारी सुटली. मग गाडी. वर्षानुवर्षं शुक्रवारी ते स्वतः गाडी चालवत फिंतासला समुद्रावर जायचे, ते बंद झालं. किल्ली ड्रायव्हरकडे दिली. कागदावर सही करायची असली की मुलाला सांगायचे, तू कर. ड्रायव्हर मला येऊन सांगायचा.

"डॉक्टराकडे नेलंय आज. सगळो तपास केलो. डॉक्टर बोललो, हात बरो आसा, काय झाला नाय. तर म्हातारो त्याका बोलता, तुका काय कळता, माज्या माणसान सांगल्यान माका."

"कुठल्या माणसाने?" मी विचारलं.

"तां नाय सांगला." तो माझ्याकडे बघत राहिला. "तू तर नाय मरे काय सांगलंस?"

मी उठून नळावर गेलो.

दीडेक वर्षाने बाबांनी रायफल विकायला काढली. मला निरोप आला, लाकडाला तेल लाव आणि उस्तादाकडे पोचव. स्वतः आले नाहीत. मी आणि ड्रायव्हर घेऊन गेलो. उस्ताद थकला होता, पण तोंड तेच. रायफल हातात घेऊन म्हणाला, "हरणाचं काय झालं मग?"

मी सांगितलं. हात हलला, गोळी चाटून गेली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

त्याने वाद घातला नाही. विकत घ्यायच्या आधी बंदूक तपासावी लागते, म्हणाला, उद्या चांदमारीवर ये. उरलेली डबी आण. भिजवलेल्या वह्या आण. मी घेऊन गेलो. त्याने मला गठ्ठा उचलायला लावला आणि चालायला लावलं. तीस पावलांवर मी मागे वळून बघितलं. तो हाताने खुणावत होता, पुढे, पुढे. शंभर. दोनशे. उन्हात तो ओला गठ्ठा खांद्यावर घेऊन मी साडेतीनशे मीटर चाललो. माझ्या पाठीवरून पाणी गळत होतं. परत आलो. त्याने बार काढला. पुन्हा चालत गेलो, तोही माझ्याबरोबर आला, काठी टेकत.

गठ्ठा उभाच होता. पुढच्या वहीत एक भोक. मागच्या वहीतही एक भोक, तेवढंच. मधल्या वह्या मी एकेक सोडवल्या. सगळ्यांत सारखं. आमच्या सामत्याने लाकडात भोक पाडावं तसं साफ. करंगळी आत जाईना. गोळी आरपार निघून मागच्या मातीत घुसली होती, आम्ही उकरून काढली. नाक जसंच्या तसं गोल. उमललं नव्हतं.

"एवढ्या लांब जाऊन ती दमते," उस्ताद म्हणाला. "जाड पत्रा उघडायला जोर लागतो. तो उरत नाही. मग ती सुई होते. जनावराच्या अंगातून जाते, जनावराला पहिल्यांदा कळतही नाही."

तो हसला नाही. हसला असता तर मी भांडलो असतो.

ती गोळी मी खिशात घातली. आता जाऊन सांगायचं होतं. एवढंच करायचं होतं, की बाबा, हात तुमचा नव्हता. सुलैबियाहून सबाह अल-सालेम म्हणजे काय चंद्र आहे काय? पण मी गेलो नाही. या गुरुवारी, त्या गुरुवारी. मी मनाशी म्हणायचो, आता रायफल विकली, आता सांगून काय? मग म्हणायचो, म्हातारपण तर खरंच आलंय, हात आज ना उद्या हललाच असता. माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की त्याला शाळेची गरज पडत नाही. खोलीत माझा मान होता. वर्कशॉपमध्ये नवीन पोरं यायची, त्यांना सांगायचे, याने मालकाची बंदूक केली, याच्याशी नीट बोला. तो मान मला सोडवेना. अशी अजून दोन वर्षं गेली.

ड्रायव्हरला मी सगळं सांगितलं होतं. त्याने मस्करी केली नाही, तेव्हाच मला कळलं की गोष्ट किती वाईट आहे. तो एवढंच म्हणायचा, "जावन सांग. तुझो हट म्हाताऱ्याक खाता."

मग ईद आली. ईदच्या सकाळी आम्ही सगळे कामगार बाबांना भेटायला जायचो, तशी रीत होती. दिवानिया पाहुण्यांनी भरलेली. ड्रायव्हर कॉफी ओतत होता. कोणाची तरी गाडी आडवी लागली म्हणून त्याला बाहेर बोलावलं आणि त्याने पितळी किटली माझ्या हातात दिली.

तिकडची कॉफी कडू असते, छोट्या बिनकानाच्या कपात घोटभरच ओततात. कप रिकामा झाला की ओतणारा पुन्हा ओततो. पुरे झाली तर तोंडाने सांगायचं नाही, कप बोटांत धरून जरासा हलवायचा. हलवला की ओतणाऱ्याने थांबायचं. मी ओतत ओतत बाबांपाशी आलो. त्यांनी कप पुढे केला. कप हलत होता. मी थांबलो आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

"ओत रे नज्जार," बाबा म्हणाले. "पुरे नाही झाली. हात आहे तो."

शेजारचे दोघे हसले. बाबाही हसले. मी ओतली. अर्धी त्यांच्या बोटांवर सांडली. कोणाच्या हातून सांडली ते मी सांगू शकत नाही.

चार वर्षांपूर्वी त्या हाताची पाच भोकं मी तळहाताखाली झाकली होती.

पाहुणे जाईपर्यंत मी बाहेर चपलांपाशी उभा राहिलो. मग आत गेलो आणि जमिनीवर बसलो. खिशातली गोळी काढून त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. तीस पावलं का ठेवली ते. कागद वाळला नव्हता ते. उस्तादाबरोबर साडेतीनशेवर काय बघितलं ते. आणि दोन वर्षं तोंड का उघडलं नाही, तेही. माझी हिंदी मध्येच संपली, मी मराठीत बोलत होतो, पण त्यांना कळत होतं.

त्यांनी गोळी उचलली. तिच्या गोल नाकावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे नेम बरोबर होता."

"बरोबर होता, बाबा. तुम्ही धरला तिथेच लागली असणार."

"हात हलला नव्हता."

"नाही. तेव्हा नाही."

मी तयारी करून गेलो होतो. शिवी देतील, दारातून हाकलतील, मायदेशी पाठवतील. त्यातलं काहीही झालं असतं तरी मी मान खाली घालून घेतलं असतं. बाबांनी गोळी परत जाजमावर ठेवली. ती घरंगळली, ती त्यांनी बोटाने थांबवली.

"चार वर्षं," ते म्हणाले, "मी समजत होतो की हात हलला. म्हणजे गोळी कातड्याला चाटून गेली. चारच थेंब होते ना रक्त. मी म्हणायचो, जखम भरली असेल. थंडी पडली की मला ते दिसायचं. त्याच उतारावर. म्हणायचो, माझा हात गेला तर जाऊ दे, ते तर जगलं."

त्यांचं बोट अजून गोळीवरच होतं.

"आता तू सांगतोस, आरपार गेली."

"हो."

"फुप्फुसातून."

"हो, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "तू रानातला माणूस आहेस, नज्जार. एवढ्याशा भोकाने मरायला किती वेळ लागतो?"

मला माहीत होतं. मामाच्या हातून एकदा डुक्कर असंच जखमी होऊन गेलं होतं. आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कावळ्यांमुळे सापडलं. ओढ्याच्या काठाची माती त्याने पायांनी इतकी उकरली होती की खड्डा झाला होता. लगेच मरतं, असं मी म्हणू शकलो असतो. त्यांनी विश्वास ठेवला असता, त्यांनी माझ्यावर नेहमीच ठेवला. आणि जे खरं होतं, तेही तोंडातून निघेना.  मी जाजमाच्या काठाकडे बघत बसलो.

बाबांनी वाट बघितली. मग भिंतीला हात टेकून उठले. मी धरायला पुढे झालो तर त्यांनी मान हलवली. सावकाश आत गेले आणि आतलं दार लावून घेतलं.

ते पुढे आणखी तीन वर्षं जगले, असं मी गावी परतल्यावर ऐकलं. मला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. पगार वेळेवर येत होता, ईदला कपडे येत होते, कधी एक शब्द वाकडा आला नाही. बाकीच्यांना जसं, तसंच मला.

त्या दिवशी ड्रायव्हर मला सोडायला आला. मी मागच्या सीटवर बसलो. त्याने आरशातून बघितलं.

"सांगलंस?"

"सांगितलं."

"काय बोलले?"

"हरणाचं विचारत होते."

"हरणाचा? हाताचा नाय?"

"नाही."

 रस्त्याला ईदची गर्दी होती, पोरं नवे कपडे घालून गाड्यांच्या खिडक्यांतून हात काढत होती.

"मगे असो कित्याक बसलंस?" तो म्हणाला. "सांगून टाकलंस मा? आता मन हलका झाला असात."

"तू गाडी चालव," मी म्हटलं.